औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात कुठे?

‘डॉक्टर, या गोळ्यांची आता अंगाला सवय झाली. जरा भारी औषध द्या.’ परभणीत काय किंवा सेलू, जिंतूर, गंगाखेडात काय, कोणत्याही दवाखान्यात हे वाक्य आठवड्यातून दहा वेळा तरी कानावर पडते. म्हणणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे दिसते ते तो सांगतो. पूर्वी जी गोळी दोन दिवसांत गुण द्यायची, ती आता देत नाही. पण सवय अंगाला झालेली नसते. अँटिबायोटिक, म्हणजे मराठीत ज्यांना प्रतिजैविके म्हणतात ती औषधे, जंतूंवर काम करतात. तेव्हा बदल झाला असेल तर तो जंतूंमध्ये झालेला असतो.

हा बदल होतो कुठे? बहुतेकांना वाटते, कुठेतरी मोठ्या शहरात, परदेशात किंवा प्रयोगशाळेत असले वाईट जंतू निर्माण होतात आणि मग ते आपल्यापर्यंत येतात. तसेही होते. परंतु पुष्कळ वेळा ते तयार होतात खाटेवर पडलेल्या रुग्णाच्याच शरीरात, आणि तेही उपचार चालू असताना. रोगी आला तेव्हा त्याचे जंतू औषधाला दाद देणारे होते, दोन महिन्यांनी तेच औषध निकामी झाले, असे घडते. ते का घडते हे एकदा समजले, की डॉक्टर गोळ्यांबाबत एवढी कटकट का करतात तेही समजेल.

बोंडअळीचे उदाहरण

आपला जिल्हा कापसाचा. त्यामुळे ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. एकाच औषधाची फवारणी दर वर्षी केली की तिसऱ्या-चौथ्या वर्षी अळी मरत नाही, हा अनुभव कोणाला नाही? २००२ साली बीटी कापूस आला. झाडातच अळीला मारणारा पदार्थ असल्यामुळे फवारणीचा खर्च वाचला. पुढे २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भात बोंडेच्या बोंडे पोखरली, तीही बीटी कापसाची. अळीने काही विचार करून हे केले नव्हते. लाखो अळ्यांमध्ये दोन-चार अशा असतात, की त्यांना ते विष जन्मतःच बाधत नाही. बाकीच्या मेल्या, या वाचल्या. शेत मोकळे, खायला भरपूर, वाटेकरी कोणी नाही. पुढची पिढी यांचीच. बियाण्याबरोबर बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी मिळायची आणि ती कडेने पेरायची असायची, ती याचसाठी. साध्या अळ्याही शिल्लक राहाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन हा गुण पातळ व्हावा, अशी ती योजना. ती पुडी किती जणांनी पेरली हे आपल्याला ठाऊकच आहे.

जंतूंचेही तसेच. फरक वेगाचा. अळीची पिढी महिन्याभरात बदलते. आतड्यातला ई. कोलाय हा जंतू परिस्थिती अनुकूल असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. हिशेब करून पाहा, एका जंतूपासून आठ तासांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक जंतू होतात. इतक्या नकला करताना कुठे ना कुठे एखाद्या अक्षराची चूक होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. एखादी मात्र अशी निघते, की औषध ज्या जागी चिकटते ती जागाच थोडी बदलून जाते, जसे कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली फिरत नाही.

इथे एक शंका शास्त्रज्ञांनाही होती. जंतू औषध पाहून ‘शहाणा’ होतो, की शहाणे जंतू आधीपासूनच असतात? १९५२ साली अमेरिकेतील जोशुआ लेडरबर्ग आणि त्यांच्या पत्नी एस्थर यांनी याचा उलगडा मोठ्या सोप्या युक्तीने केला. काचेच्या बशीत जंतूंचे ठिपके वाढवले. मग मखमलीच्या कापडाचा तुकडा त्यावर हलकेच दाबला. मखमलीच्या लवेला प्रत्येक ठिपक्यातले थोडे थोडे जंतू चिकटले. तोच तुकडा शिक्क्यासारखा दुसऱ्या, औषध घातलेल्या बशीवर दाबला. तिथे एखाद-दुसराच ठिपका वाढला. मग त्याच जागेचा ठिपका पहिल्या बशीत शोधला. त्या बशीतल्या जंतूंनी औषध कधी पाहिलेही नव्हते, तरी त्यांच्यात तो गुण आधीपासून होता. म्हणजे औषध असे जंतू निर्माण करत नाही, फक्त त्यांची निवड करते. बाकीच्यांना मारून त्यांना मैदान मोकळे करून देते.

क्षयरोगाने शिकवलेला धडा

ही निवड रुग्णाच्या शरीरात कशी होते हे सर्वांत स्पष्ट दिसले ते क्षयरोगात. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकाने मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढले. टीबीवर लागू पडणारे हे पहिले प्रतिजैविक. त्याआधी सॅनेटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी आणि विश्रांती यांवरच मुख्य भर होता. १९४७ साली ब्रिटनमध्ये याची पद्धतशीर चाचणी झाली. ५५ रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ रुग्णांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४. डॉक्टरांना हर्ष होणे साहजिक होते.

परंतु पुढची हकिकत तितकी सुखाची नाही. सुरुवातीला बरे वाटलेले बरेच रुग्ण पुन्हा खालावू लागले. त्यांच्या थुंकीतले जंतू तपासले तेव्हा ४१ पैकी ३५ जणांचे जंतू स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झालेले आढळले, आणि हा बदल साधारण दुसऱ्या महिन्यापासून सुरू झाला होता. पाच वर्षांनी हिशेब केला तर औषध मिळालेल्या ५५ पैकी ३२ आणि न मिळालेल्या ५२ पैकी ३५ मरण पावले होते. इतके गुणी औषध, पण एकटे दिल्यामुळे त्याचा लाभ बव्हंशी वाया गेला.

यातला हिशेब शाळकरी मुलालाही कळेल असा आहे. फुफ्फुसात टीबीने पोकळी पडली असेल तर त्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. आयसोनियाझिड या औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. म्हणजे त्या पोकळीत असे शंभर जंतू पहिल्या दिवसापासूनच आहेत. रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक, म्हणजे तोही एखादा असणारच. आता एकटे आयसोनियाझिड द्या. दहा कोटी मरतील, खोकला कमी होईल, वजन वाढेल, घरचे खूश. मागे राहिलेले शंभर मात्र संथपणे वाढत राहतील आणि काही महिन्यांत पोकळी त्यांनीच भरून जाईल. पण दोन्ही औषधे एकदम दिली तर? दोघांनाही न जुमानणारा जंतू कोटी गुणिले कोटींमध्ये एक. इतके जंतू कोणाच्या अंगात नसतात. पहिल्या औषधातून निसटलेले शंभर दुसरे औषध मारते, दुसऱ्यातून निसटलेला एक पहिले मारते.

टीबीच्या औषधांच्या गोळ्या एवढ्या का, असे जे विचारतात त्यांना याहून वेगळे उत्तर नाही. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि एडिंबरोच्या जॉन क्रॉफ्टन यांनी तीन औषधे एकत्र देऊन टीबी जवळजवळ पूर्ण बरा होतो हे दाखवले. मद्रासच्या केंद्राने १९५९ मध्ये आणखी महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली, की गरिबाच्या घरी राहून घेतलेले औषधही सॅनेटोरियमइतकेच गुण देते, फक्त ते नेमाने घ्यायला हवे. आज सरकारी उपचारात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे एकाच गोळीत मिसळून रोज दिली जातात. एका गोळीत असल्यामुळे ‘ही चालते, ती मळमळते’ अशी निवड करायला वाव राहत नाही. मला स्वतःला ही सुधारणा फार मोलाची वाटते. पूर्वी रुग्ण पाकिटातली नेमकी लाल गोळी काढून ठेवत आणि बाकीच्या इमानाने घेत.

मुंबईतले चार रुग्ण

एवढे सगळे माहीत असूनही पुढे काय झाले ते पाहा. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या माहीम भागातील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या चौघांचे टीबीचे जंतू, तपासलेल्या पहिल्या फळीतल्या आणि दुसऱ्या फळीतल्या सगळ्या औषधांना दाद देत नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये वर्तमानपत्रांतून एकच गहजब झाला. त्यांनी वापरलेला ‘सर्वच औषधांना दाद न देणारा टीबी’ हा शब्दप्रयोग केंद्र सरकारला मान्य झाला नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही तो स्वीकारला नाही. शब्दावर वाद झाला तरी रुग्ण खरे होते.

त्या लेखातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. या रुग्णांपैकी तिघे अठरा महिन्यांत सरासरी चार खाजगी डॉक्टरांकडे फिरले होते. दुसऱ्या फळीतली औषधे त्यांना एकेक करून, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत, देखरेखीविना दिली गेली होती. एकेक करून, या दोन शब्दांत सगळा घोटाळा आहे. समजा रुग्णाचे जंतू चालू असलेल्या तीन औषधांना जुमानत नाहीत. रुग्ण बरा होत नाही म्हणून डॉक्टरने चौथे औषध ‘जोडून’ दिले. कागदावर औषधे चार, पण जंतूंच्या दृष्टीने काम करणारे औषध एकच. म्हणजे १९४७ च्या चाचणीत झाले तेच पुन्हा. महिना-दोन महिने बरे वाटते, मग चौथेही गेले. मग नवा डॉक्टर, नवे पाचवे औषध. प्रत्येक पायरीवर रुग्णाला थोडा गुण येतो म्हणूनच ही फसगत ध्यानात येत नाही. चालू उपचार हरत असताना एकटे नवे औषध कधीही जोडू नये, हा नियम पाठ्यपुस्तकात आहे.

याच डॉ. उदवाडियांनी २०१० मध्ये धारावीतल्या निरनिराळ्या पॅथींच्या १०६ खाजगी डॉक्टरांना टीबीच्या रुग्णासाठी चिठ्ठी लिहून द्यायला सांगितले होते. १०६ जणांनी ६३ प्रकारचे उपचार लिहिले आणि त्यांतले बरोबर फक्त सहा जणांचे निघाले. आम्हा डॉक्टर मंडळींना हे आकडे वाचून बरे वाटणार नाही, पण ते वाचायला हवेत. आता २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर थुंकीची तपासणी केली की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का, हे दोन्ही काही तासांत कळते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. पूर्वी हेच कळायला कल्चरसाठी दोन-दोन महिने वाट पाहावी लागे.

दवाखान्यातल्या खाटेवर

टीबीचा जंतू आळशी, त्याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस लागतो आणि तो आपले गुण शेजाऱ्याला देत नाही. मोठ्या रुग्णालयात, विशेषतः अतिदक्षता विभागात, जे जंतू भेटतात ते याच्या नेमके उलटे. क्लेबसिएला, एन्टेरोबॅक्टर, ई. कोलाय ही त्यांची नावे.

उदाहरण एन्टेरोबॅक्टरचे घेऊ. १९९१ साली अमेरिकेत रक्तात हा जंतू गेलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला. सेफॅलोस्पोरिन गटातली, तिसऱ्या पिढीची म्हणतात ती इंजेक्शने ज्या ३१ रुग्णांना दिली, त्यांपैकी ६ जणांचे जंतू उपचार चालू असतानाच त्या औषधाला निर्ढावले. पहिला रिपोर्ट ‘औषध लागू’ असा होता. काही दिवसांनंतर तसे राहिले नाही. म्हणून चार दिवसांनी ताप पुन्हा चढला आणि डॉक्टरांनी रक्त किंवा लघवी पुन्हा कल्चरला पाठवली, तर नातेवाइकांनी ‘परवाच तर तपासले होते, पुन्हा खर्च कशाला?’ असे म्हणू नये. परवाचे जंतू आणि आजचे जंतू सारखे असतीलच असे नाही.

दुसरी गोष्ट आतड्याची. न्यूमोनियासाठी दिलेले इंजेक्शन फक्त छातीत जात नाही, ते सगळ्या अंगात फिरते. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू सुखाने नांदत असतात आणि ते आपल्या उपयोगाचेही असतात. औषधाने त्यांतले साधे जंतू मरतात आणि कोपऱ्यातले चिवट माजतात. रुग्णाला त्यांचा त्या वेळी काहीच त्रास नसतो. पण लघवीसाठी नळी घातलेली असते, शिरेत सुई असते, कधी श्वासाची नळी असते. अंग पुसताना, चादर बदलताना, नर्सच्या, डॉक्टरच्या किंवा नातेवाइकाच्या हातावरून हे जंतू त्या नळ्यांपर्यंत आणि शेजारच्या खाटेपर्यंत पोचतात. घरी गेल्यावरही ते कित्येक महिने आतड्यात राहू शकतात.

तिसरी आणि सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे देवाणघेवाण. १९५९ साली जपानमध्ये ओचियाई आणि अकिबा यांना रक्ती आवेच्या जंतूंचा अभ्यास करताना आढळले, की औषधांना न जुमानण्याचा गुण एक जंतू दुसऱ्या जंतूला चक्क देऊ शकतो. दोघे वेगळ्या जातीचे असले तरी! जनुकांची छोटीशी गोल साखळी असते, प्लाझ्मिड म्हणतात तिला. ती एकातून दुसऱ्यात जाते आणि एकाच साखळीवर चार-पाच औषधांविरुद्धची शस्त्रे असू शकतात. म्हणजे चूक होऊन एखादा अपवाद जन्मण्याची वाट पाहायलाच नको, तयार माल मिळतो.

आपल्या देशात याची सर्वांत गाजलेली गोष्ट एनडीएम-१ या विकराची. हा विकर मेरोपेनेम, इमिपेनेम यांसारखी, अगदी शेवटी वापरायची म्हणून राखून ठेवलेली इंजेक्शने तोडून टाकतो. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत तो सापडला. रुग्ण त्याआधी दिल्लीत दवाखान्यात दाखल होता म्हणून नावात दिल्ली आली, आणि त्यावरून आपल्याकडे बराच संताप झाला. पण मार्च २०१० मध्ये मुंबईच्या त्याच हिंदुजा रुग्णालयातील पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी आपल्याच भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिले, की ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांच्याकडे या इंजेक्शनांना न जुमानणारे जे २४ जंतू मिळाले, त्यांपैकी २२ जणांकडे एनडीएम-१ होते. नावाचा राग बाजूला ठेवला तर घरातच निघालेल्या या आकड्याकडे पाहावे लागते. असा जंतू निघाला की डॉक्टरांच्या हाती कोलिस्टिनसारखी मोजकीच औषधे उरतात. कोलिस्टिन हे जुने, मूत्रपिंडाला घातक म्हणून एके काळी बाजूला ठेवलेले औषध आहे, तेच पुन्हा बाहेर काढावे लागले.

कोर्स पुरा करावा की नाही?

याबाबत थोडे नीट सांगायला हवे, कारण इथे लोकांत आणि काही अंशी डॉक्टरांतही गोंधळ आहे. ‘गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू निर्ढावतात’ हे वाक्य टीबीला शंभर टक्के लागू आहे. टीबीत दोन महिन्यांत बरे वाटते तेव्हा अंगात सुस्त पडलेले जंतू शिल्लक असतात. औषध सोडले की ते वाढतात, संख्या कोटींत गेली की त्यांत पुन्हा अपवाद जन्माला येतात, आणि धरसोड करत पुन्हा औषध घेतले की नेमके तेच वाचतात. तेव्हा तिथे एक दिवसाचीही सूट नाही.

साध्या संसर्गाला मात्र ‘जितके जास्त दिवस तितके सुरक्षित’ हा नियम खरा नाही. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही तज्ज्ञांनी हा मुद्दा स्पष्टपणे मांडला आहे. न्यूमोनिया, लघवीची जळजळ अशा अनेक आजारांत आता पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे उपचार पुरतात हे सिद्ध झाले आहे. आणि जितके दिवस औषध जास्त, तितके दिवस आतड्यातली ती निवड चालू. म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर पाच दिवसच घ्यावे, ‘चांगले औषध आहे, अजून एक पाकीट घेऊ’ असे करू नये. उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून पुढच्या तापाला, किंवा सुनेच्या तापाला, वापरू नयेत हे वेगळे सांगायला नको. सर्दी, पडसे, बहुतेक घसेदुखी यांना विषाणू कारण असतात. त्यांच्यावर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग नाही, आतड्यातले जंतू मात्र उगाच मरतात.

एक सवय विशेष घातक. महिनाभर खोकला आहे आणि मेडिकल दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिन किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादी गोळी पाच दिवस घेतली. खोकला टीबीचा असेल तर या गोळीने तोही थोडा दबतो, कारण ती टीबीच्या जंतूवरही काम करते. रुग्णाला वाटते उतार पडला. निदान महिना-दीड महिना लांबते, आणि अंगातल्या कोट्यवधी जंतूंवर एकटे औषध पडलेले असते. निर्ढावलेल्या टीबीसाठी २०२४ साली आपल्या देशात मंजूर झालेल्या नव्या सहा महिन्यांच्या उपचारात याच कुळातले मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. पूर्वी हा उपचार दीड-दोन वर्षे चाले, महिनोन् महिने इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यांनी काहींचे कान जात. त्यातून सुटका करणारे औषध आपण खोकल्याच्या भरात वाया घालवतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजनात घट, यांपैकी काही असेल तर आधी थुंकी तपासावी. गोळीच्या पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकायचे नसते आणि घ्यायचेही नसते. टीबीची औषधे आणि भारी प्रतिजैविके २०१४ पासून ज्या यादीत आहेत, तिच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वहीत ठेवावी लागते. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर रागावू नये.

रुग्ण दवाखान्यात दाखल असेल तर तीन प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नाही. भारी प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त किंवा लघवी कल्चरला पाठवली का? कल्चरचा रिपोर्ट आल्यावर औषध कमी करता येईल का? लघवीची नळी अजून आवश्यक आहे का? पहिली सुई देण्यापूर्वी घेतलेला नमुना खरे बोलतो, नंतरचा अर्धवट. नातेवाइकांनी खाटेवर बसू नये आणि रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. भेटायला म्हणून दहा-दहा माणसांनी वॉर्डात येण्याची आपल्याकडची रीत प्रेमाची असली तरी जंतूंच्या सोयीची आहे.

आता ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस सुरू झालेले औषध नेमके फडात असताना मध्यावर येते. त्या वेळी खोकला थांबलेला असतो, अंगात ताकद आलेली असते, आणि उचल घेतलेली असल्यामुळे कोयता खाली ठेवणे परवडत नाही. थांबा असे मी म्हणणार नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही आणि घर चालणारही नाही. पण निघण्याच्या आठ दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन कोणत्या तालुक्यात, कोणत्या कारखान्यावर जात आहोत ते सांगावे. आपला निक्षय क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. सरकारी उपचाराची नोंद त्या क्रमांकावर असते आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही पुढची औषधे त्यावर मिळतात. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये मिळतात, तेही त्याच क्रमांकाशी आणि बँक खात्याशी जोडलेले असतात. वाटेतल्या आणि पहिल्या काही आठवड्यांच्या गोळ्या आधीच मागून घ्याव्यात. टोळीत कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर त्यालाही सोबत न्यावे, कारण खोपी लागून लागून असतात आणि झोप एकाच छपराखाली. मुकादमाला आणि बरोबरच्या बाईमाणसाला सांगून ठेवावे. ट्रक सुटायच्या गडबडीत भांडीकुंडी, पोरे, कोयते सगळे आठवणीने चढते आणि गोळ्यांची पिशवी तेवढी खुंटीला राहते.